आठ दिवसांत बदललेलं मूल: किशोरवयातला ऑटोइम्यून एन्सेफलायटिस कसा ओळखायचा

मुलगी १६ वर्षांची, अकरावी सायन्सला. सकाळी कॉलेज, दुपारी क्लास, रात्री अभ्यास. धनकवडीहून आई-बाबा तिला रिक्षात घालून माझ्या मानसोपचाराच्या दवाखान्यात घेऊन आले, तेव्हा आईच्या पिशवीत स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं कालनिर्णय होतं. दुधाच्या हिशेबाशेजारी तिनं बारीक अक्षरात लिहिलं होतं: ४ तारीख, डोकं दुखतंय, अंगात कणकण. ९, रात्रभर जागी. ११, शेजारचे आपल्याबद्दल बोलतात म्हणते. १३, भावाला म्हणाली तू खरा नाहीस. १५, बोलणं फारच कमी. १७, तोंड सारखं हलतंय.

ते पान मी पाहिलं, पण नीट वाचलं नाही. अभ्यासाचा ताण, जागरणं आणि त्यातून उद्भवलेला सायकोसिस (भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटणं), असा माझा कयास होता. रात्री ती फार अस्वस्थ झाली म्हणून हॅलोपेरिडॉल या जुन्या अँटिसायकोटिक औषधाचं (सायकोसिसवरच्या औषधाचं) इंजेक्शन द्यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी अंग लाकडासारखं ताठ झालं, ताप १०२ वर गेला. औषधाचा दुष्परिणाम निस्तरण्यात आणखी तीन दिवस गेले. त्यानंतर न्यूरोलॉजिस्ट आले, त्यांनी पाठीतलं पाणी (मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव) तपासायला पाठवलं आणि निदान झालं: अँटि-एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस, म्हणजे स्वतःच्याच प्रतिकारशक्तीमुळे आलेली मेंदूची सूज. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. चूक मात्र माझीच होती आणि ती जशी घडली तशीच सांगितली आहे.)

हा लेख मुख्यतः फॅमिली डॉक्टर, शाळा-कॉलेजातले समुपदेशक आणि नवे मानसोपचारतज्ज्ञ यांच्यासाठी आहे. पालकांनाही तो वाचता यावा, अशा भाषेत लिहिला आहे. त्या मुलीचं निदान तिच्या आईनं अर्धंअधिक लिहूनच आणलं होतं, कारण या आजारात लक्षणांइतक्याच त्यांच्या तारखा बोलतात.

आजार नेमका काय आहे

जंतूंशी लढणारी आपली प्रतिकारशक्ती कधीकधी चुकून मेंदूतल्याच एखाद्या प्रथिनाविरुद्ध अँटिबॉडी तयार करते. किशोरवयात सर्वांत जास्त आढळतो तो एनएमडीए रिसेप्टरविरुद्धचा प्रकार. जोसेप डालमाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये या अँटिबॉडीचं वर्णन केलं. त्याआधी अशी मुलं ‘कारण न सापडलेला मेंदूज्वर’ किंवा थेट ‘वेड’ अशा शिक्क्याखाली जात. या अँटिबॉडीमुळे मेंदूतल्या पेशींच्या पृष्ठभागावरचे रिसेप्टर (संदेश घेणारी प्रथिनं) आत ओढले जातात आणि त्यांची संख्या घटते. बहुतांश पेशी मात्र जिवंत राहतात. म्हणूनच महिनाभर व्हेंटिलेटरवर असलेलं मूलही पुन्हा कॉलेजात जाऊ शकतं. ५७७ रुग्णांचा एक मोठा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातले ३७ टक्के रुग्ण १८ वर्षांखालचे होते, आणि दोन वर्षांनी ज्यांची स्थिती तपासता आली त्यांपैकी ८१ टक्के चांगले सावरले होते. लवकर सुरू केलेले उपचार हे चांगल्या परिणामाशी जोडलेलं एक ठळक कारण ठरलं. आपल्या हातात असलेली गोष्ट हीच.

पहिली पायरी: तारखा लिहून काढा

‘काय होतंय?’ हा प्रश्न नंतर. आधी विचारा, ‘पूर्णपणे नेहमीसारखा असलेला शेवटचा दिवस कोणता?’ पालक म्हणतात, बरेच दिवस झाले. तिथे थांबू नका. गणपतीत कसा होता? युनिट टेस्ट कशी दिली? मामाच्या घरी जेवायला गेलात तेव्हा गप्पा मारल्या का? सणवार आणि परीक्षा यांना धरून विचारलं की तारखा आपोआप सापडतात.

स्किझोफ्रेनियाची सुरुवात सहसा अशी अचानक होत नाही. बहुतेक वेळा आधीचे कित्येक महिने, कधी वर्षं, मूल मित्रांपासून तुटत जातं, मार्क घसरतात, स्वतःची स्वच्छता कमी होते. ऑटोइम्यून एन्सेफलायटिसमध्ये सारं काही दिवसांत किंवा थोड्या आठवड्यांत घडतं. निदानाच्या निकषांतही ‘तीन महिन्यांच्या आत’ अशीच अट आहे. बऱ्याच मुलांना आठ-पंधरा दिवस आधी ताप, डोकेदुखी किंवा सर्दीसारखं काहीतरी होऊन गेलेलं असतं. घरचे ते विसरलेले असतात, म्हणून मुद्दाम विचारा.

तारखांपुढे लक्षणांचा क्रमही मांडा. किशोरांमध्ये बऱ्याचदा आधी झोप उडते, मग भीती, संशय, भास, भडाभडा बोलणं किंवा विनाकारण हसणं-रडणं. त्यापाठोपाठ बोलणं आटतं. मग तोंडाच्या आणि हातांच्या विचित्र हालचाली, फिट, गुंगी, नाडी-रक्तदाबाचे चढउतार. लहान मुलांमध्ये फिट आणि हालचाली आधी दिसू शकतात. क्रम प्रत्येक वेळी असाच असेल असं नाही, पण दर दोन-तीन दिवसांनी लक्षणांच्या यादीत नवं काहीतरी येत असेल, तर सावध व्हा.

इथे एक अभ्यास लक्षात ठेवण्यासारखा आहे. ५७१ रुग्णांपैकी फक्त २३ जणांना निव्वळ मानसिक लक्षणं होती. त्यातही आजाराच्या पहिल्या सुरुवातीला अशी लक्षणं होती ती ५ जणांना, उरलेल्यांना आजार उलटल्यावर. म्हणजे पहिल्या दिवशी मूल फक्त ‘मानसिक’ दिसलं, तरी हा आजार असेल तर थोड्याच दिवसांत मेंदूची इतर लक्षणं बहुधा दिसू लागतात. म्हणून अशा मुलाला ‘१५ दिवसांनी दाखवा’ म्हणू नका. दोन-तीन दिवसांनी परत बोलवा आणि दर वेळी नव्यानं तपासा.

दुसरी पायरी: मानसोपचारतज्ज्ञानेही हात लावून तपासायचं

आमच्या शाखेत खुर्चीत बसून ऐकायची सवय असते. या मुलांना उठून तपासावं लागतं. ताप, नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन आणि बोटातून रक्तातली साखर, एवढं तर पहिल्या पाच मिनिटांत होतं. शांत बसलेल्या मुलाची नाडी १२५ असेल, तर ती केवळ घाबरल्यामुळे आहे असं गृहीत धरू नका.

मग बोलणं. कालपर्यंत वादविवाद स्पर्धेत बोलणारी मुलगी आज एकेका शब्दात उत्तर देते का? तुमचेच शब्द परत म्हणते का? वार उलटे म्हणायला सांगा, रविवारपासून मागे. (मराठी महिने विचारू नका. इंग्रजी माध्यमातल्या ठणठणीत मुलांनाही ते उलटे येत नाहीत आणि उगाच गोंधळ होतो.) तीन वस्तू सांगा आणि पाच मिनिटांनी विचारा. घड्याळ काढायला द्या. मला सगळ्यात उपयोगी वाटते ती वही: महिन्यापूर्वीचं पान आणि आज लिहून घेतलेल्या चार ओळी शेजारी ठेवा. अक्षर ढासळलं असेल, ओळी एकमेकींवर चढल्या असतील, शब्द गळले असतील, तर पालकांना काही समजावून सांगावंच लागत नाही.

कॅटाटोनिया, म्हणजे हालचाल आणि बोलणं गोठून जाणं, शोधा. हात वर उचलून सोडला तर तो तसाच हवेत राहतो का? मूल तासन्‌तास एकाच जागी टक लावून बसतं का? घास तोंडात तसाच धरून ठेवतं का? ओठ चावणं, जीभ बाहेर काढणं, चघळल्यासारखी तोंडाची हालचाल, बोटांनी पियानो वाजवल्यासारखं करणं, हे सगळं दवाखान्यात दिसेलच असं नाही. पालकांना मोबाईलवर व्हिडिओ काढायला सांगा. जागेपणीचा, झोपेतला आणि ‘विचित्र वाटलं’ त्या क्षणाचा. न्यूरोलॉजिस्टला माझ्या दोन पानी नोंदींपेक्षा असा ३० सेकंदांचा व्हिडिओ जास्त सांगून जातो.

आणि औषधाला शरीर कसा प्रतिसाद देतं, तेही पाहा. अँटिसायकोटिकच्या थोड्याशा मात्रेनं अंग ताठ होणं, ताप येणं, रक्तात सीपीके (स्नायूंना इजा झाल्यावर वाढणारं एन्झाइम) वाढणं, मूल आणखी बधिर होणं, ही स्वतंत्र धोक्याची घंटा आहे. मी ती उशिरा ऐकली.

दुसरं काही असू शकतं का?

या पायरीवर घाई करू नका, कारण चूक दोन्ही बाजूंनी होते. वयात येणाऱ्या मुलांचं नैराश्य, चिंता, पहिला सायकोसिस, घरातला किंवा लैंगिक अत्याचार, नशा, मोबाईलपायी उडालेली झोप, हे सगळं या आजारापेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात दिसतं. प्रत्येक उदास मुलाच्या पाठीतलं पाणी काढायचं नाही. मुलाशी एकट्यानं, आई-बाबांना बाहेर बसवून बोलायलाच हवं. गांजा किंवा इतर नशेबद्दल रागावल्यासारखं न विचारता विचारा.

शारीरिक कारणांत आपल्याकडची यादी लांब आहे. हर्पिस विषाणूचा मेंदूज्वर, क्षयाचा मेंदूज्वर, डेंगी, मलेरिया, स्क्रब टायफस, जपानी मेंदूज्वर. मेंदूत फीतकृमीच्या अळीच्या गाठी होणारं न्यूरोसिस्टिसर्कोसिस. लहानपणी गोवर होऊन गेला असेल आणि वर्षांनंतर अभ्यास घसरत, अंगाला झटके येत असतील, तर एसएसपीई, म्हणजे गोवराच्या विषाणूमुळे उशिरा होणारा मेंदूचा आजार. हात थरथरतात, लाळ गळते, कावीळ होऊन गेली आहे, तर विल्सन आजार, म्हणजे शरीरात तांबं साठत जाणं. त्यासाठी रक्तातलं सेरुलोप्लाझ्मिन तपासा आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडून केएफ रिंग (बुबुळाभोवतीचं तांब्याचं कडं) पाहून घ्या. ल्युपस, थायरॉइड, बी-१२ यांच्या तपासण्या साध्या रक्तावर होतात.

थायरॉइडच्या अँटिबॉडी वाढलेल्या दिसल्या की ‘मेंदूचा ऑटोइम्यून आजार’ असं लेबल लावण्याचा मोह होतो. तो टाळा. त्या पुष्कळ निरोगी लोकांतही सापडतात. चुकीच्या लेबलामुळे मूल विनाकारण महिनोन्‌महिने स्टेरॉइडवर राहतं आणि खरा आजार तसाच मागे पडतो.

तिसरी पायरी: चिठ्ठी नीट लिहा

मोठ्या रुग्णालयात पाठवताना ‘सायकोसिस, कृपया पाहावे’ एवढंच लिहिलं, तर रात्रपाळीचा डॉक्टर मुलाला मानसोपचार विभागात पाठवून मोकळा होतो. मी हल्ली असं लिहिते:

‘वय १६. ३ तारखेपर्यंत पूर्ण ठीक. ४ ला ताप-डोकेदुखी, ९ पासून झोप नाही, ११ पासून संशय, १५ पासून बोलणं जवळजवळ बंद, १७ पासून तोंडाच्या अनैच्छिक हालचाली. आज ताप १००.६, नाडी १२४. नशेचा इतिहास नाही. ऑटोइम्यून एन्सेफलायटिसची शंका. ईईजी, एमआरआय व मणक्यातल्या पाण्याच्या तपासणीचा विचार व्हावा. हॅलोपेरिडॉल टाळावं. व्हिडिओ आईच्या फोनमध्ये आहेत.’

न्यूरोलॉजिस्ट, ईईजी (मेंदूच्या लहरींची नोंद) आणि आयसीयू एकाच छताखाली असतील तिथेच पाठवा. श्वास मंदावणं, लागोपाठ फिट येणं, गुंगी वाढणं, खूप ताप असं काही असेल तर १०८ ला फोन करा, रिक्षात घालून पाठवू नका.

खर्चाचा विषय पहिल्याच दिवशी काढा. पुण्यात ससून हे सरकारी रुग्णालय आहे. शहरातल्या धर्मादाय रुग्णालयांत कायद्यानं १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेसाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरती होतानाच भेटायचं. रेशनकार्ड, आधार आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला कुणातरी नातेवाइकाच्या हवाली करा आणि त्यांना त्याच कामाला लावा. आई-बाबा मुलाजवळच हवेत.

चौथी पायरी: तीन तपासण्या

ईईजीमध्ये मेंदूच्या लहरी मंद झालेल्या दिसणं ही नेहमीची खूण. काहींमध्ये ‘एक्स्ट्रीम डेल्टा ब्रश’ नावाचा खास नमुना दिसतो. तो सापडला तर शंका खूपच बळावते, पण न सापडल्यानं काही नाकारता येत नाही. शक्य असेल तर जागेपणी आणि झोपेत अशी लांब नोंद घ्या. काही औषधांनीही लहरी बदलतात, म्हणून तंत्रज्ञाला औषधांची यादी द्या.

एमआरआयबद्दल एकच गोष्ट, पण ती पक्की लक्षात ठेवा. एनएमडीए प्रकारात अर्ध्याहून अधिक रुग्णांचा पहिला एमआरआय नॉर्मल असतो. ‘एमआरआय नॉर्मल आहे, म्हणजे मानसिकच’ या एका वाक्यानं किती मुलांचे आठवडे वाया गेले असतील! एमआरआय करायचा तो इतर आजार शोधायला आणि पाणी काढणं सुरक्षित आहे ना हे पाहायला.

पाठीतलं पाणी. इथे सगळं अडतं. ‘पाणी काढलं की कंबर जाते’, ‘पोरगी कायमची अधू होईल’, असं कुणीतरी काका-मामा हमखास सांगतात. मी कागदावर पाठीचा कणा काढून दाखवते. मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागात, पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मध्ये जाते. नंतर दोन दिवस डोकं दुखू शकतं, तेही सांगून टाकते. लपवलेला त्रास नंतर विश्वास घालवतो. घरच्यांना देवर्षीकडे किंवा दर्ग्यात जायचं असेल तर मी अडवत नाही. अंगारा लावून या, पण सही आज करा, एवढंच म्हणते. बहुतेक जण ऐकतात.

पाणी शक्यतो एकदाच काढायचं, म्हणून काय तपासायचं ते आधी ठरवा. पेशी, प्रथिनं, साखर आणि त्याच वेळची रक्तातली साखर. ऑलिगोक्लोनल बँड (मेंदूत दाह असल्याची खूण). हर्पिसची पीसीआर. ही पहिल्या तीन दिवसांत खोटी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून शंका दाट असेल तर पुन्हा करावी लागते, आणि तोवर हर्पिसवरचं असायक्लोव्हिर सुरू ठेवायचं. क्षयासाठी सीबीनॅट. जपानी मेंदूज्वराची आयजीएम, जिची किट आपल्याच पुण्यातली राष्ट्रीय विषाणू संस्था बनवते. आणि ऑटोइम्यून पॅनेल, म्हणजे या आजारांच्या अँटिबॉडींची एकत्र तपासणी.

पॅनेल नुसतं रक्तावर पाठवून भागत नाही. २५० रुग्णांच्या एका अभ्यासात एनएमडीए अँटिबॉडी सगळ्यांच्या पाण्यात सापडली, पण सुमारे १४ टक्क्यांच्या रक्तात सापडली नाही. उलट, रक्तातल्या किंचित पॉझिटिव्ह रिपोर्टनं फसायलाही होतं. म्हणून दोन्ही एकत्र पाठवा, आणि आयव्हीआयजी (शिरेतून द्यायचं अँटिबॉडींचं औषध) सुरू करण्यापूर्वी पाठवा. त्या औषधात हजारो दात्यांच्या अँटिबॉडी असतात, त्यामुळे नंतर घेतलेल्या रक्ताचा अर्थ लावणं अवघड जातं. मुलांमध्ये मॉग ही मेंदूविरुद्धची आणखी एक अँटिबॉडीही तपासायला सांगा. पाण्याचा एखादा मिलिलिटर गोठवून राखून ठेवलात तर पुढे कामी येतो.

पाचवी पायरी: मोजणी

२०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी ठरवलेले निकष सोपे आहेत. एनएमडीए प्रकारासाठी लक्षणांचे सहा गट पाहायचे: वागणं किंवा बुद्धी बिघडणं, बोलणं बिघडणं, फिट, हालचाली किंवा ताठरपणा, शुद्ध कमी होणं, आणि नाडी-रक्तदाब-श्वासाची गडबड. तीन महिन्यांच्या आत यातले चार गट दिसले, ईईजी किंवा पाण्यात बिघाड सापडला आणि इतर कारणं बाजूला पडली, तर ‘संभाव्य’ निदान करता येतं, अँटिबॉडीचा रिपोर्ट यायच्या आधीच. सोबत टेराटोमा (बहुधा अंडाशयात होणारी एक गाठ) सापडला तर तीन गट पुरतात. मुलांसाठी २०२० मध्ये वेगळे निकष आले, कारण मुलांमध्ये लक्षणं वेगळ्या रीतीनं दिसतात.

माझ्या त्या मुलीच्या आईचं पान आता पुन्हा वाचा. १७ तारखेपर्यंत वागणं, बोलणं आणि हालचाली हे तीन गट तिथेच लिहिलेले आहेत. नाडी मी स्वतः मोजली होती, १२४. तो चौथा गट.

रिपोर्टची वाट पाहायची नाही

अँटिबॉडीचा रिपोर्ट यायला बरेच दिवस लागू शकतात. चित्र जुळत असेल आणि संसर्गाची तपासणी मार्गी लागली असेल, तर न्यूरोलॉजिस्ट तोवर थांबत नाहीत. मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड रोज किलोमागे ३० मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १ ग्रॅम, असं ३ ते ५ दिवस. आयव्हीआयजी एकूण किलोमागे २ ग्रॅम, दोन ते पाच दिवसांत विभागून. म्हणजे ५० किलोच्या मुलीला १०० ग्रॅम, ५ ग्रॅमच्या २० बाटल्या. घर हादरवणारा आकडा आहे. म्हणून प्लाझ्मा एक्स्चेंजचा (रक्तातला अँटिबॉडी असलेला द्रव बदलण्याचा) पर्यायही विचारा. साधारण दोन आठवड्यांत फरक दिसला नाही, तर प्रतिकारशक्ती आणखी दाबणारे रिटुक्सिमॅबसारखे पुढचे उपचार.

मानसोपचारतज्ज्ञाचं काम इथे संपत नाही. कॅटाटोनियासाठी लोराझेपाम द्यायचं, श्वासावर नजर ठेवून. अस्वस्थतेसाठी अँटिसायकोटिक लागलंच, तर नव्या पिढीतलं, अगदी कमी मात्रेत, ताठरपणा आणि सीपीके रोज पाहत.

मुलींमध्ये ओटीपोटाची सोनोग्राफी किंवा एमआरआय करून अंडाशयात टेराटोमा आहे का ते पाहायचं. प्रौढ स्त्रियांत जवळपास निम्म्यांमध्ये तो सापडतो, वयानं लहान मुलींमध्ये कमी. ही गाठ बहुतेक वेळा कर्करोगाची नसते, पण ती काढली की आजार लवकर ओसरतो. ‘लग्नाचं कसं होणार?’ असं आजी विचारते. शक्य तिथे अंडाशय वाचवून गाठ काढतात, दुसरं अंडाशय तर असतंच. हे तिला शांतपणे सांगा.

घरी आल्यावर

लक्षणं साधारण उलट्या क्रमानं ओसरतात. आधी शुद्ध आणि श्वास, मग हालचाली, बोलणं, आणि सर्वांत शेवटी वागणं, स्मरण, नियोजन. यात कित्येक महिने जातात. ‘आता चालते-बोलते, मग अभ्यास का करत नाही?’ असं विचारणाऱ्या घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा. शाळा-कॉलेजला पत्र द्या, पहिलं वर्ष परीक्षेच्या बाबतीत सवलत मागा. दोन वर्षांत सुमारे १२ टक्के रुग्णांमध्ये आजार उलटतो. झोप पुन्हा उडाली, संशय सुरू झाला, बोलणं घटलं, तर आठवडा न घालवता न्यूरोलॉजिस्टना फोन करा. हर्पिसच्या मेंदूज्वरातून बरं झालेलं मूल काही आठवड्यांत पुन्हा बिघडलं, तर तेव्हाही हाच आजार शोधा.

म्हणून भिंतीवरचं कालनिर्णय लिहीत राहायचं. झोप किती तास, औषध घेतलं का, नवीन काय दिसलं, एवढंच.

ती मुलगी सात महिन्यांनी माझ्याकडे चालत आली. रुग्णालयातले दिवस तिला अजिबात आठवत नव्हते. या आजारात हे नेहमीचं आहे. तिनं आईकडून ती पानं मागून घेतली होती आणि स्वतःच्या वहीत एकेक तारीख उतरवून काढत होती. ११ तारखेपाशी थांबून तिनं विचारलं, ‘मी शेजारच्या काकूंबद्दल खरंच असं म्हणाले होते का?’ आई म्हणाली, ‘तू नव्हतीस गं ती.’ मुलगी पुढची तारीख लिहू लागली.